‘इव्हेंट झाल्यावर बघू’ : गेम उद्योगातील धावपळ आणि तुमची तब्येत

जुलै संपत आला की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे पेशंट वाढतात. वय पंचविशी ते पस्तिशी, डोळे लाल, मान आखडलेली, पोटात जळजळ. काय काम करता असे विचारले की उत्तर येते, "गेम बनवतो, डॉक्टर." पुण्यात गेम बनवणारे बरेच स्टुडिओ आहेत आणि तिथली मुले-मुली या दिवसांत जर्मनीतल्या कोलोन शहरात ऑगस्टमध्ये भरणाऱ्या ‘गेम्सकॉम’ या मोठ्या प्रदर्शनाच्या तयारीत असतात.

घरच्यांना बऱ्याचदा या कामाचे स्वरूप कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. या उद्योगाचे वर्ष काही तारखांभोवती फिरते. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स, ऑगस्टमध्ये गेम्सकॉम, सप्टेंबरमध्ये टोकियो गेम शो आणि वर्षाच्या अखेरीस आपल्याकडची इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्स. तिथे लोकांना खेळायला द्यायचा डेमो आणि दाखवायचा ट्रेलर त्या दिवशी तयार असावाच लागतो. तारीख पुढे जात नाही. मग पुढे ढकलली जाते ती झोप, जेवण, व्यायाम आणि औषधे. या काळाला उद्योगात ‘क्रंच’ म्हणतात.

एक उदाहरण सांगतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एकतीस वर्षांचा प्रोग्रामर, इव्हेंट तीन आठवड्यांवर. आई त्याला जवळजवळ ओढतच घेऊन आली होती. चार दिवस छातीत जळजळ होत होती आणि त्याला फक्त अ‍ॅसिडिटीची गोळी हवी होती. ब्लडप्रेशर पाहिले तर १६८/१०८. बीपीची गोळी दोन महिन्यांपूर्वी संपली होती, नवीन आणायला वेळ झाला नव्हता. मानेसाठी रोज पेनकिलर आणि दिवसाला तीन-चार एनर्जी ड्रिंक चालू होते. मी ईसीजी काढला आणि पुढच्या तपासणीसाठी त्याला त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये पाठवतो म्हणालो. तो म्हणाला, "इव्हेंट होऊ दे डॉक्टर, मग सगळ्या टेस्ट करतो."

सुदैवाने त्याला हार्ट अटॅक नव्हता. पण हे तपासणी केल्यावर कळले, त्याआधी ना त्याला माहीत होते ना मला. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे : बऱ्याच गोष्टी इव्हेंट होईपर्यंत थांबू शकतात, काही थांबू शकत नाहीत. कोणत्या ते आधी माहीत असले पाहिजे.

या तक्रारी थांबू शकत नाहीत

पुढीलपैकी काहीही झाले तर काम तिथेच सोडून हॉस्पिटल गाठा. गाडी स्वतः चालवू नका. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

- छातीत दाब, आवळल्यासारखे दुखणे किंवा जळजळ. विशेषतः सोबत घाम, धाप, किंवा हात, जबडा वा पाठीत कळ असेल तर. ‘अ‍ॅसिडिटीच असेल’ हे घरी बसून ठरवू नका.
- चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एका हातातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे. ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. दोन मिनिटांत बरे वाटले तरी जायचेच.
- अचानक उठलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती एवढी तीव्र डोकेदुखी.
- छातीत जोराने धडधडून चक्कर किंवा बेशुद्धी येणे.
- विमानप्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजणे व दुखणे, किंवा अचानक धाप लागणे.
- जगणे नकोसे वाटणे, स्वतःला इजा करण्याचे विचार. अशा वेळी एकटे राहू नका, जवळच्या माणसाला लगेच सांगा. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येते.

झोप : सगळ्यात आधी जाते, सगळ्यात महाग पडते

बहुतेक प्रौढांना रोज किमान सात तास झोप लागते. सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी मंदावते, असे अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याने ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे सकाळी आठला उठून रात्री दोनला बाइकवरून घरी निघालेला मुलगा दारूचा थेंबही न घेता त्या अवस्थेत असू शकतो. तेव्हा उशीर झाला की कॅब करा किंवा सहकाऱ्याकडे झोपा. कंपनी रात्री गाडीची सोय करत असेल तर ती मागून घ्या.

कामाच्या दृष्टीनेही हिशोब सोपा आहे. पहाटे तीनला केलेली दुरुस्ती सकाळी दोन नव्या चुका घेऊन समोर येते, हे मला माझ्या पेशंटनीच सांगितले आहे.

क्रंचमध्ये सात तास रोज जमणार नाहीत हे मला कळते. म्हणून मी एवढे सांगतो :

- उठायची वेळ शक्यतो रोज तीच ठेवा.
- एक रात्र कमी झोप झाली तर दुसरी रात्र पूर्ण झोपेची. सलग दोन जागरणे नकोत.
- दुपारी २० मिनिटांची डुलकी काढा, गजर लावून. तासभर झोपलात तर उठल्यावर जडपणा येतो आणि रात्रीची झोप लांबते.
- परदेशी टीमसोबतचे रात्रीचे कॉल सगळ्यांनी रोज घेण्याऐवजी टीममध्ये वाटून घ्या.

कॉफी, चहा आणि एनर्जी ड्रिंक

निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला साधारण ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते. गरोदर महिलांसाठी ही मर्यादा २०० आहे. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये बहुधा ७५ ते ८० मिलिग्रॅम कॅफीन असते. तीन कॅन, दोन कॉफी आणि चार चहा असा दिवस असेल तर बेरीज तुम्हीच करा.

पोटात गेलेले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री आठच्या कॉफीतले निम्मे कॅफीन मध्यरात्रीनंतरही अंगात असते. त्यामुळे झोपायच्या वेळेआधी किमान आठ तास कॅफीन बंद. ज्यांना ब्लडप्रेशर, हृदयाचा आजार किंवा धडधडीचा त्रास आहे त्यांनी एनर्जी ड्रिंक टाळावीत.

हात, मान, डोळे आणि पेनकिलर

अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येतात, रात्री त्यामुळे जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते? मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. मनगट सरळ राहील असा कीबोर्ड-माउस ठेवा, रात्री मनगटाला आधारपट्टी लावा. हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याची ताकद कमी वाटली तर इव्हेंटची वाट पाहू नका.

डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात.

पेनकिलरबाबत सावध राहा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज, त्यातही रिकाम्या पोटी घेतल्या तर पोटात अल्सर होऊ शकतो, ब्लडप्रेशर वाढू शकते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. वर सांगितलेल्या मुलाचे बीपी वाढायला सुटलेल्या गोळीसोबत याचाही हातभार होता. तीन-चार दिवसांपेक्षा जास्त गोळी लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

निघण्यापूर्वी आणि प्रवासात

- बीपी, डायबेटिस, थायरॉइड, दमा यांची औषधे प्रवासाचे दिवस अधिक एक आठवडा एवढी घ्या. प्रिस्क्रिप्शनसह हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको.
- गर्दीच्या हॉलमध्ये हजारो लोकांशी बोलायचे असते. फ्लूची लस घ्यायची असेल तर निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्या.
- चार तासांपेक्षा लांबच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. अधूनमधून उठून चाला, बसल्या जागी घोटे हलवा, पाणी प्या. आधी गाठ झाली असेल, गरोदरपण असेल, नुकते ऑपरेशन झाले असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.
- ऑगस्टमध्ये कोलोनचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. ते दोन-तीन दिवसांत जुळते. सॅन फ्रान्सिस्कोत मार्चमध्ये साडेबारा तासांचा फरक पडतो, तिथे शक्य असेल तर दोन दिवस आधी पोहोचा. उतरल्यावर तिथल्या वेळेनुसार जेवा आणि दिवसा उन्हात फिरा.
- स्टॉलवर दिवसभर उभे राहायचे असते. नवे बूट त्या दिवशी घालू नका, जेवणाची सुट्टी आळीपाळीने घ्या.

घरच्यांसाठी

या दिवसांत "किती काम करतोस!" असे रोज ऐकवल्याने काम कमी होत नाही, बोलणे मात्र कमी होते. त्यापेक्षा औषधे संपण्याआधी आणून ठेवा, डबा द्या, रात्री निघताना फोन करायला सांगा. गेम्सकॉम अनेकदा गणपतीच्या आसपास येते. त्या वर्षी आरतीला उशीर झाला म्हणून रुसू नका. पण चिडचिड, रडू येणे, कशातच मन न लागणे, दारू किंवा सिगारेट वाढणे असे बदल दिसले तर शांतपणे विचारा. आणि वरच्या यादीतले लक्षण दिसले तर त्या आईसारखे ओढत घेऊन या.

इव्हेंट झाल्यावर

परत आल्यावर चार-पाच दिवस थकवा आणि रिकामेपण वाटणे स्वाभाविक आहे. एका रविवारच्या झोपेने महिन्याची कसर भरून निघत नाही, आठवडाभर नीट झोपा. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, मन उदास असेल, कामाचा तिटकारा वाटत असेल तर डॉक्टरांना भेटा. यात कमीपणा नाही.

एकदा केलेल्या धावपळीतून तरुण शरीर बहुधा सावरते. मात्र वर्षात तीन-चार इव्हेंट असतील तर क्रंच हीच सवय होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. टीम सांभाळणाऱ्यांनी वेळापत्रक आखताना हे आकडे समोर ठेवावेत.

तो प्रोग्रामर गोळ्या पुन्हा सुरू करून, बीपी आटोक्यात आल्यावरच कोलोनला गेला. त्याच्या वाटणीचे थोडे काम सहकाऱ्यांनी उचलले. त्याने स्वतः लीडशी बोलून ते मागितले होते, आणि त्याच्या म्हणण्यानुसार तेच त्याला सगळ्यात अवघड गेले. परत आल्यावर तो स्वतःहून तपासणीला आला, तेव्हा बीपी १३४/८६ होते. गोळी अजून चालू आहे.

तुमच्या इव्हेंटची तारीख ठरली असेल तर आज एवढे करा : ब्लडप्रेशर मोजून घ्या, औषधे किती दिवसांची उरली आहेत ते बघा आणि वरची यादी घरातल्या एका माणसाला वाचायला द्या.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषधे सुरू किंवा बंद करण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)