फुकट आहे, मग लागत का नाही?

‘कोहा’ हे नाव ऐकलंय? ग्रंथालयाचा सगळा कारभार, म्हणजे पुस्तकांची नोंद, देवघेव, शोधाशोध, वेबवरून चालवणारं हे सॉफ्टवेअर. त्याचा जन्म न्यूझीलंडमधल्या लेविन या लहानशा गावातला. सन २००० उजाडताना तिथल्या ग्रंथालयाचा जुना प्रोग्रॅम तारखेच्या घोळामुळे बंद पडणार होता. मग रोझली ब्लेक आणि जोॲन रॅन्सम या तिथल्या ग्रंथपाल बायकांच्या पुढाकारानं एका कंपनीकडून हवा तसा प्रोग्रॅम करून घेतला गेला. ३ जानेवारी २००० ला तो सुरू झाला आणि पुढे जगाला खुला केला. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, पण परतफेडीची जाण असलेली. आपला आहेरच म्हणा ना!

मी गुरुकुंज मोझरीची सून. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे आश्रम उभारला, तेव्हापासून श्रमदान हा शब्द आमच्या गावाला नवा नाही. घराजवळच्या छोट्या वाचनालयात ग्रामगीतेच्याच कितीतरी जुन्या-नव्या प्रती आहेत. त्यांची नोंद एका फाटक्या रजिस्टरात. वाचनालय सांभाळणाऱ्या काकूंना मी कोहाबद्दल सांगितलं. दोन संध्याकाळी मी संगणकापुढे बसलेली बघून त्या म्हणाल्या, “काहून वं, फुकट हाये म्हनतं, मंग हे लागत काहून नाही?”

अगदी नेमका प्रश्न. मुक्त सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, पण ते बसवायला डोकं आणि वेळ पडतो. आधी लिनक्स हवं. मग डेटाबेस, मग वेब सर्व्हर, मग ग्रंथालयाच्या नावाचं खातं. एका पायरीत चूक झाली की पुढचं सगळं अडतं. एवढं करून कोहा सुरू झालं, पण मराठी पुस्तकांचा शोध काही धड लागेना. कोहामध्ये शोधाचं काम ‘झेब्रा’ हा डेन्मार्कमध्ये तयार झालेला भाग करतो. त्याची मूळ मांडणी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली. देवनागरीसाठी एका फाइलमधली ओळ बदलून ‘आयसीयू’ नावाची पद्धत लावावी लागते आणि सगळ्या नोंदींची अनुक्रमणिका नव्यानं करावी लागते. ही गोष्ट माहीत नसलेला ग्रंथपाल काय समजेल? की मराठी यात चालतच नाही! आणि गप्प रजिस्टरकडे परत जाईल. मला खरी काळजी याचीच वाटली.

मी प्रत्येक आज्ञा वहीत उतरवत होतेच. त्याच ओळी क्रमानं एका फाइलमध्ये घातल्या की झाली इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट. ती ग्रंथालयाचं नाव विचारते, मराठी हवं का विचारते, बाकीचं स्वतः करते. ती आधीची मांडणी तपासते, म्हणजे दुसऱ्यांदा चालवली तरी बिघडत नाही. यातच माझे सर्वांत जास्त दिवस गेले.

मग वाटलं, आहेराची परतफेड करावी. कोहाचा रिवाज कडक आहे. सुधारणा सगळ्यांना दिसेल अशी मांडायची. दुसऱ्या कुणीतरी ती आपल्या यंत्रावर चालवून बघून सही करायची, स्वतःच्या कामावर स्वतःची सही चालत नाही. त्यानंतर गुणवत्ता तपासणारे बघणार, आणि शेवटी आवृत्तीचा प्रमुख ती आत घेणार. (आमच्या ग्रामसभेतही असं असतं तर!)

या जगात बायका थोड्याच. २००६ मध्ये ‘ग्नोम’ या प्रकल्पाकडे गूगलच्या उन्हाळी योजनेतून १८१ अर्ज आले, त्यांत एकही बाईचा नव्हता. मग त्यांनी खास बायकांसाठी योजना काढली, तेव्हा शंभराहून जास्त अर्ज आले. म्हणजे बायका होत्याच, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं इतकंच.

माझ्या स्क्रिप्टवर एका अनोळखी माणसानं सही केली आहे. एक ओळ बदलायला सांगितली, ती मी बदलली. पुढची तपासणी बाकी आहे. इकडे काकूंनी दोन कपाटं नोंदवून काढलीत. ‘शेती’ टाइप केलं की आता पुस्तकं दिसतात, आणि कुणाच्या घरी किती महिने अडकलीत तेही दिसतं. त्यामुळे गावात थोडी नाराजी आहे.