भोकं बुजवणारी माणसं

"टॉर्च बंद करा आणि वाकून बघा, मॅडम."

मी वाकले. ठाण्यात घोडबंदर रोडला बांधून होत आलेल्या एका टॉवरच्या 22व्या मजल्यावर, विजेच्या केबल ज्यातून वर चढतात त्या डक्टपाशी मी आणि भोकं बुजवणाऱ्यांचे मुकादम उभे होतो. खालच्या मजल्यावर मुकादमांचा पोऱ्या त्याच डक्टमध्ये टॉर्च वर धरून थांबला होता. माझ्या बाजूला मिट्ट काळोख. फक्त एका जाड केबलच्या कडेला सुईएवढा उजेड.

"हितनं धूर येणार," म्हणत मुकादमांनी तिथे खडूने गोल केला.

आगीपासून संरक्षण म्हटलं की आपल्याला बंब आठवतात, स्प्रिंकलर आठवतात. पण लागलेली आग जिथल्या तिथे कोंडून धरायचं काम स्लॅब आणि भिंती करतात. आणि त्याच स्लॅबला आपण केबलसाठी, नळांसाठी, एसीसाठी भोकं पाडतो. तळापासून गच्चीपर्यंत डक्ट मोकळा राहिला की त्याचं धुराडं झालंच. 9 डिसेंबर 2011च्या पहाटे कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात आग लागली ती तळघरात. 90हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून. ते वाचल्यापासून कुठल्याही इमारतीत गेले तरी माझं लक्ष डक्टच्या दाराकडे जातं.

मुकादमांनी रॉकवूलची लादी काढली. सह्याद्रीचा काळा दगड ज्या जातीचा, तो बेसॉल्ट वितळवून त्याचे हे तंतू काढतात. हजार अंशांच्या आगीतही ते तग धरतात. लादी फटीपेक्षा बोटभर मोठी कापायची आणि दाबून बसवायची, म्हणजे ती स्वतःच फुगून घट्ट धरते. वरून लाल सीलंट. ओल्या बोटाने मुकादम ते केबलभोवती इतकं हळुवार फिरवत होते, की कुणाच्या जखमेला मलम लावताहेत असं वाटावं. तंतूंनी हाताला खाज सुटते. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

पीव्हीसीच्या नळाची गोष्ट वेगळी. आगीत नळच वितळतो आणि भोक उघडं पडतं. म्हणून स्लॅबच्या खालून त्याला पोलादी कॉलर घालतात. तिच्या आतली पट्टी उष्णतेने फुगते आणि मऊ पडलेल्या नळाचा गळा आवळून वाट बंद करते.

मग आम्ही 14व्या मजल्यावर उतरलो. इथलं काम महिन्यापूर्वीच पुरं झालेलं, तारखेचं लेबलही जागेवर. पण लेबलच्या खालीच मूठभर भगदाड, आणि त्यातून गेलेल्या इंटरनेटच्या दोन बारीक वायरी. मुकादमांनी त्यात हात घातला तो मनगटापर्यंत गेला.

"वायरी टाकणाऱ्या पोराला कुणी सांगितलंच नसणार," ते म्हणाले.

मला त्या पोराचा राग आला नाही. डक्टची किल्ली त्याच्या हाती देऊन निघून गेलेल्यांचा आला. महाराष्ट्राच्या 2006च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत आगीच्या यंत्रणेचा दाखला द्यावा लागतो. त्या दिवशी पंप चालवून बघताच, तर प्रत्येक मजल्यावरच्या डक्टचं दारही उघडायला लावा. राहायला येणाऱ्या प्रत्येकाला माझं हे कळकळीचं सांगणं आहे.

मुकादमांनी जुनं लेबल खरवडून काढलं आणि पोऱ्याला हाक मारली, "लादी आण रे. आणि खाली जाऊन टॉर्च धर."