घासाघीस आधी मापाची



मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, घराच्या डागडुजीचा विषय निघाला की मागे सरतो. गवंडी आकडा सांगतो, आपण म्हणतो, "थोडं कमी करा हो." तो दोन हजार उतरवतो आणि आपण खूश!

माझ्या ओट्याचं असंच झालं. ग्रॅनाइटचा चौरस फुटाचा दर मी पाडून घेतला. बिलात मात्र कडेची गोलाई रनिंग फुटावर वेगळी, सिंकसाठी कापायचे वेगळे, जुना ओटा फोडून राडारोडा उचलायचे वेगळे. वाचले त्याहून जास्त गेले. दरात काय काय धरलंय, हे मी विचारलंच नव्हतं.

म्हणून आधी टेप घ्या. खोली 10 बाय 12 फूट असेल, तर जमीन 120 चौरस फूट. 2 बाय 2 ची एक फरशी 4 चौरस फुटांची, म्हणजे 30 फरश्या लागतील. तुटफुटीसाठी तीन जादा धरा. भिंतीलगतची पट्टी वेगळी मोजा. गिलाव्याच्या मापातून दारं-खिडक्या वजा होणार का, तेही आधीच ठरवा.

वाळूचा एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि आतल्या वाळूची उंची फुटात मोजून गुणाकार करा. 10 गुणिले 6 गुणिले दीड म्हणजे 90 घनफूट. ब्रासचे पैसे दिलेत, तर 10 घनफूट वाळू कमीच आली. हे माप ट्रॉली रिकामी होण्याआधी घ्यायचं. ढीग पडल्यावर बोलून उपयोग नाही.

आता कामाची यादी कागदावर लिहा. नुसती मजुरी की मालासकट? परांची कोणाची? राडारोडा कोण उचलणार? हीच यादी तीन गवंड्यांना दाखवा. तिघांचे आकडे तेव्हाच एकमेकांशी ताडून बघता येतात.

मजुरी मात्र फार पिळू नका. तोटा भरून काढायला कोणी सिमेंटात हात आखडला, तर भोगायचं आपल्यालाच. उचल कामाच्या टप्प्याप्रमाणे द्या आणि दर वेळी वहीत सही घ्या. शेवटचा हप्ता मोरीत बादलीभर पाणी ओतून, ते जाळीकडे वाहतंय हे बघितल्यावरच!

"बाईमाणसाला यातलं काय कळतं?" असं कुणी म्हणालं, तर वाद घालू नका. टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात द्या.