उद्याच्या गुरांची आजची गणती

अमेरिकेतील टेक्सास, कॅन्सस व नेब्रास्का या राज्यांत ‘फीडलॉट’ नावाची विस्तीर्ण कुंपणबंद आवारे आहेत. कुरणावर वाढलेली वासरे विकत घ्यावयाची, मका चारून पुष्ट करावयाची आणि कत्तलखान्यास विकावयाची, हा तेथील व्यवसाय होय. ७५० पौंडांचे जनावर रोज साडेतीन पौंड वाढले, तर १,४०० पौंडांचे होण्यास सहा महिने लागतात. म्हणजे खरेदी ऑक्टोबरात, तर विक्री एप्रिलात. तेव्हा भाव पडला, तर सहा महिन्यांचे श्रम व चारा दोन्ही वाया जातात.

मग सहा महिन्यांपूर्वी पुढील भाव कसा ओळखावा, अशी शंका श्रोत्यांच्या मनात येईल. तिचे उत्तर असे की, गुरे एका रात्रीत निर्माण होत नाहीत. एप्रिलात बाजारात यावयाची जनावरे ऑक्टोबरात कोठे ना कोठे चरतच असतात. अमेरिकेचे कृषिखाते हजार किंवा अधिक गुरांची सोय असलेल्या आवारांची गणती दरमहा प्रसिद्ध करते. आवारात असलेली, नव्याने आलेली व विकली गेलेली, असे तिचे तीन मुख्य आकडे असतात. नव्याने आलेल्या गुरांची वजनवार विभागणीही तीत असते. कारण जड जनावर लवकर विक्रीस येते, हलके उशिरा. जड जनावरांची भरती फार झाली, की चार-पाच महिन्यांनी बाजारात गर्दी होणार हे समजावे. अशा वेळी सावध मालक वासरांस कमी भाव देऊ करतो, अथवा शिकागोच्या वायदेबाजारात विक्रीचा भाव आगाऊ बांधून घेतो.

दूरचा अंदाज मात्र कालवडींवरून बांधावा लागतो. कालवड कत्तलीस गेली, तर आज मांस वाढते, पुढे वासरे घटतात. ती वंशवृद्धीसाठी ठेवली, तर आजच्या पुरवठ्यातून वजा होते; नऊ महिने गाभण राहून ती विते आणि तिचे वासरू बाजारात यावयास आणखी दीड वर्ष जाते. टंचाई हटण्यापूर्वी वाढते, ती अशी. १९७५ च्या १ जानेवारीस तेथे १३ कोटी २० लाख गुरे होती. २०२५ च्या त्याच दिवशी सुमारे ८ कोटी ६७ लाख, म्हणजे १९५१ नंतर सर्वांत कमी.

गणतीस न दिसणाऱ्या आपत्तीही असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत जखमेत अळ्या पाडणाऱ्या माशीचा उपद्रव आढळताच अमेरिकेने तेथील वासरांची आयात थांबविली, आणि सीमेजवळील आवारांचा एक पुरवठा एकाएकी तुटला.

तेव्हा गणती भाव सांगत नाही. ती मर्यादा सांगते. अपेक्षित विक्रीतून चारा, व्याज व मरतूक वजा करून जे उरेल, तेवढाच भाव वासरास द्यावा. आवार रिकामे दिसू नये म्हणून ही मर्यादा ओलांडणारा मालक आपला तोटा खरेदीच्या दिवशीच पदरात घेतो.