डिपस्टिक नसलेल्या गाडीतलं ऑइल कसं बघायचं?

बॉनेट उघडायचं, डिपस्टिक ओढायची, फडक्याने पुसायची, परत घालून पुन्हा काढायची आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे का ते बघायचं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरी केलेलं असतं. पण आता रस्त्यावर अशाही गाड्या आहेत की ज्यांच्यात डिपस्टिकच नाही. बीएमडब्ल्यूने २००४-०५ च्या सुमारास आणलेल्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात ती दिलीच नाही. ऑडीच्याही अनेक मॉडेल्समध्ये ती नाही. नव्या घ्यायच्या तर या गाड्या आपल्या आवाक्याबाहेरच्या, पण सेकंड-हँड बाजारात त्या मिळू लागल्या आणि हा प्रश्न थेट आपल्या घरात आला.

माझ्या मामांनी नाशिकला अशीच एक गाडी घेतली. आठवड्यातच फोन. "अरे, तू मेकॅनिकलला ना? हिची डिपस्टिक सापडत नाही. पण लाल दिवा लागत नाही, म्हणजे ऑइल आहे, असंच ना?" मी म्हटलं, "नाही मामा, तसं धरून चालू नका." हे "नाही" का, ते नीट सांगायला हवं. कारण मामांसारखं समजणारे पुष्कळ आहेत आणि हा गैरसमज इंजिनाच्या जिवावर बेततो.

तेलाच्या कॅनचं चित्र असलेला तो लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, तो दाब दाखवतो. ऑइल खाली संपमध्ये साठतं, तिथून पंप ते जाळीतून ओढून बेअरिंग्जपर्यंत पोहोचवतो. क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये ऑइलच्या काही मायक्रॉन जाडीच्या थरावर तरंगत फिरतो, हे आपण मशीन डिझाइनमध्ये शिकतोच. पातळी लिटरभर कमी झाली तरी जाळी बुडलेली असेपर्यंत दाब ठीकच असतो, दिवा गप्प बसतो. मग एखाद्या घाटातल्या वळणावर ऑइल एका बाजूला जातं, जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि तेव्हा कुठे दिवा लागतो. तोपर्यंत धातूवर धातू घासायला सुरुवात झालेली असू शकते. म्हणून लाल दिवा लागला तर गॅरेजपर्यंत नेऊ असा विचार करायचा नाही. गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं.

मग पातळी कोण सांगतं? संपमध्ये तळाशी बसवलेला सेन्सर. तो मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिल्यात एक बारीक घटक थोडा वेळ तापवतात आणि तो थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजतात. ऑइलमध्ये जास्त बुडलेला असेल तर लवकर थंड होतो, हवेत असेल तर उशिरा. दुसरा अल्ट्रासॉनिक. तो तळातून ध्वनिलहर वर सोडतो, ती ऑइलच्या पृष्ठभागावर आपटून परत येते. समजा ऑइल ६ सेंमी उंच आहे आणि ध्वनीचा वेग सेकंदाला १४०० मीटर धरला, तर जाऊन-येऊन साधारण ८६ मायक्रोसेकंद लागतात. ऑइल तापलं की हा वेग कमी होतो, म्हणून सोबत तापमानही मोजावंच लागतं.

आता व्यवहाराचं. स्क्रीनवर आकडा दिसला म्हणजे तो बरोबरच असतो असं नाही. त्याच्या काही अटी आहेत. गाडी सपाट जागी हवी, कारण चढावर संपमधलं ऑइल एका बाजूला सरकतं. इंजिन गरम हवं. ऑइल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के प्रसरण पावतं, म्हणजे ६ लिटर ऑइल ७० अंशांनी तापलं तर जवळजवळ ०.३ लिटर वाढतं. बीएमडब्ल्यूमध्ये किमान आणि कमाल खुणेत सुमारे १ लिटरचा फरक असतो, त्यातले ०.३ लिटर काही थोडे नव्हेत! काही गाड्यांत मोजताना इंजिन चालू ठेवायचं असतं, काहींत बंद करून काही मिनिटं थांबायचं असतं. इथे मात्र मॅन्युअल उघडण्याला पर्याय नाही. मोजमाप सुरू केल्यावर मिनिटभर गाडी हलवू नका, अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका.

ऑइल कमी दाखवलं तर एकदम डबा रिकामा करायचा नाही. पाव-पाव लिटर घालायचं, आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजायचं. जास्त झालं तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळ ऑइल बेअरिंगच्या काही कामाचं नाही. ऑइल बदलल्यावर तर जास्तच जपायला हवं. ज्या गाड्या इंजिन चालू असतानाच मोजतात, त्यांच्यात ऑइल घातलंय का हे सुरू करण्याआधी कळत नाही. म्हणून आधी मॅन्युअलमध्ये दिलेलं माप भरायचं, मग इंजिन सुरू करून लाल दिवा काही सेकंदांत विझतो ना ते बघायचं, आणि इंजिन तापल्यावर मोजायचं.

आकडा आपोआप वाढत असेल तरी खूश होऊ नका. पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या डिझेल गाड्या फक्त छोट्या-छोट्या फेऱ्यांसाठी वापरल्या तर फिल्टर साफ करण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये मिसळतं. पातळी वाढते आणि ऑइल पातळ होतं. अशा वेळी ते बदलणंच बरं.

आणि सेन्सरच बिघडला तर? अंदाज बांधू नका. काही गाड्यांत झाकण लावलेली नळी असते, वर्कशॉपवाले तिच्यात स्वतःची वेगळी डिपस्टिक घालून मोजतात. नाहीतर सरळ मार्ग असा, की गरम इंजिनातलं ऑइल मापाच्या भांड्यात काढायचं, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघायचं आणि नवं ऑइल मोजून भरायचं. तोपर्यंत गाडीखाली डाग पडतात का ते रोज बघायचं.

आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये अशी गाडी नसेल, पण नियम बाइकलाही तोच आहे. बुलेटच्या नव्या इंजिनांना बाजूला काचेची खिडकी आहे. बाइक साइड स्टँडवर असताना तिच्यात डोकावलं तर चुकीचंच दिसणार, गाडी सरळ उभी धरायला एकाला तरी बोलवा. स्प्लेंडर किंवा अ‍ॅक्टिव्हाची पट्टी झाकणालाच असते, पण मोजताना झाकण आटे पिळून बसवायचं नसतं, नुसतं टेकवायचं. पार्टनरची गाडी मागून नेत असाल, तर निघण्याआधी एवढं बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.