दगड वाचून दाखवणारा माणूस

वेरूळची लेणी बघायला जाण्याची हौस फार जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या दरबारात बसून इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्याने खिलजींचा सरदार अल्पखान याच्या शिपायांची एक हकीकत नोंदवली आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, गुजरातच्या परागंदा राजाची मुलगी देवलदेवी हिच्या शोधात हे सैन्य देवगिरीच्या मुलखात आलं होतं. मुक्काम पडला, तेव्हा काही शिपाई परवानगी काढून वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत देवगिरीच्या तुकडीशी गाठ पडली आणि चकमक उडाली. जिला धुंडाळत ते वणवण फिरत होते, ती राजकन्या नेमकी त्याच तुकडीबरोबर होती, असं फिरिश्ता सांगतो.

त्याच्याही आधी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा वेरूळला मुक्काम होता, त्या काळातल्या लीळा ‘लीळाचरित्रा’त आहेत. १६६७च्या सुमारास तेवेनो हा फ्रेंच प्रवासी इथे येऊन गेला. औरंगजेबाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिणाऱ्या साकी मुस्तैदखानानेही ‘मआसिर-इ-आलमगिरी’त वेरूळच्या, विशेषतः पावसाळ्यातल्या, शोभेची तारीफ केली आहे. १८१०मध्ये जॉन सीली हा लष्करी अधिकारी केवळ वेरूळ पाहण्यासाठी मुंबईहून निघाला आणि १८२४मध्ये त्याने त्यावर अख्खं पुस्तक काढलं.

या सगळ्यांना लेणी दाखवली कुणी? पुण्याच्या पेशवे दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने अठराव्या शतकाच्या अखेरीस वेरूळवर जो लेख लिहिला, त्यात याचं उत्तर सापडतं. लेणी कुणी कोरली, असं त्याने स्थानिकांना विचारलं. ब्राह्मणांनी सांगितलं, एलू राजाने, जवळपास आठ हजार वर्षांपूर्वी. मुसलमान माहीतगारांनीही राजाचं नाव तेच घेतलं, पण काळ सांगितला नऊशे वर्षांपूर्वीचा. मॅलेटने दोन्ही उत्तरं लिहून ठेवली. कैलास लेणं तेव्हा सुमारे हजार वर्षांचं होतं, म्हणजे दुसरं उत्तर खऱ्याच्या बरंच जवळ जाणारं होतं. पण दोन्हींतलं कोणतं धरावं, हे ठरवायला मॅलेटपाशी काही साधन नव्हतं. आज ते साधन आहे. फक्त ते पर्यटकापर्यंत पोहोचवणारा माणूस सोबत असावा लागतो.

छत्रपती संभाजीनगरहून सकाळी गाडी आणि परवानाधारक गाइड घेऊन निघालं, तर एका दिवसात देवगिरी, खुलताबाद, वेरूळ आणि बीबी का मकबरा असा फेरा पुरा होतो. शहरापासून देवगिरी सुमारे पंधरा किलोमीटर, वेरूळ तीस. अजिंठा शंभर किलोमीटरवर आहे. त्याला वेगळाच दिवस द्यावा लागतो. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने लांबून आलेली कुटुंबं दरवाजावरून परत फिरतात.

जाणता गाइड दिवसाची आखणी उन्हाकडे बघून करतो. देवगिरीची चढण सकाळच्या गारव्यात उरकायची. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, सकाळी त्यांच्या दर्शनी बाजू सावलीत असतात आणि दुपार कलली की ऊन सरळ आत येतं, म्हणून वेरूळ जेवणानंतर. मकबरा शेवटी. एवढ्या क्रमानेही पाहणाऱ्याच्या पदरात दुप्पट पडतं.

देवगिरीचा इतिहास बहुतेकांना शाळेपासून माहीत असतो. भिल्लम यादवाने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे राजधानी वसवली. १२९६मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आली. १३२७मध्ये मोहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवून गावाला दौलताबाद हे नाव दिलं. पुढे बहमनी, निजामशाही आणि १६३३मध्ये मोगल. वाटेवर दिसणारा चांद मिनार बहमनी अल्लाउद्दीनच्या काळातला, १४४५चा. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी उभा तासून काढला आहे, तिथे बोटं रोवायलाही जागा नाही. मग खंदक, त्यावरचा पूल आणि पुढे अंधारी, म्हणजे कातळातून वर जाणारा काळोखा, वळणावळणांचा भुयारी रस्ता.

अंधारीत प्रत्येक गाइडला रंग चढतो. शत्रूला चकवणारी खोटी वळणं, वरून ओतलेलं उकळतं तेल, काळोखात आपल्याच माणसांवर चाललेल्या तलवारी. मुलं डोळे विस्फारून ऐकतात आणि त्यात गैर काहीच नाही, भुयाराची रचना खरोखरच तशी धडकी भरवणारी आहे. चांगला गाइड मात्र तिथेच थांबत नाही. वर उजेडात आल्यावर तो विचारतो, किल्ला एवढा अभेद्य होता, तर यादव राजा रामदेवरायाला खिलजीपुढे शरण का जावं लागलं? फिरिश्त्याच्या सांगण्यानुसार घाईघाईने किल्ल्यात नेलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघालं. तटबंदीने दगा दिला नव्हता, कोठाराने दिला होता. शिवाय आज दिसणारी बरीचशी तटबंदी यादवांनंतरच्या राजवटींची आहे. यादवांच्या वेळी इथे नेमकं काय होतं आणि मागाहून काय बांधलं गेलं, हे हाताने दाखवून सांगितलं की किल्ल्याचे थर वेगळे दिसू लागतात.

वेरूळच्या वाटेवर कागजीपुरा लागतो. हातकागदाची परंपरा सांगणारं हे गाव. पुढे खुलताबादला औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची साधी कबर आहे आणि त्याच गावात मलिक अंबरचीही. ज्या खडकी गावाचं पुढे औरंगाबाद झालं, ते गाव वसवणारा हा निजामशाहीचा वजीर १६२६मध्ये वारला. एकमेकांशी झुंजलेल्या दोन राजवटींची माणसं एकाच गावात पुरलेली आहेत. वेळ कमी असला, तरी एवढं सांगायला दहा मिनिटं पुरतात.

वेरूळला मात्र घाई करून चालत नाही. सुमारे दोन किलोमीटरच्या डोंगरपट्ट्यात एकूण ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. १९८३मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत आली. गर्दीचा लोंढा दरवाजातून थेट सोळाव्या लेण्यात, म्हणजे कैलासात शिरतो, अर्ध्या तासात फोटो काढतो आणि घृष्णेश्वराच्या दर्शनाला निघतो. खासगी गाइड हा क्रम मोडतो. आधी तो दहाव्या लेण्यात नेतो. चैत्यगृहाच्या कमानदार छताकडे बोट दाखवून तो त्या फासळ्या बघायला सांगतो. लाकडी छताला आधार म्हणून जशा तुळया लागतात, तशा त्या ओळीने दगडात कोरल्या आहेत. छताचं वजन पेलायला त्यांची काही गरज नाही. आधीची मंदिरं आणि विहार लाकडाचे होते, कारागिरांच्या हातात तीच घडण मुरली होती, म्हणून ती दगडातही उतरली. ‘सुतार की झोपडी’ हे या लेण्याचं लोकांतलं नाव. लोकांनी पाहून पाहून जे ओळखलं, तेच अभ्यासकांनी पुढे सिद्ध केलं.

शेजारचं अकरावं लेणं ‘दोन ताल’ म्हणून ओळखलं जातं, पण मजले मोजले तर तीन भरतात. तळमजला गाळामातीत गाडला गेला होता, तो १८७६मध्ये उघडा पडला. नाव मात्र जुनंच चालू राहिलं.

मग कैलास. सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद चौक, मागची कातळभिंत तीस मीटरहून उंच, आणि मधोमध एकसंध दगडातून सोडवलेलं मंदिर. काढून टाकलेल्या दगडाचे अंदाज दोन लाख टनांपासून चार लाख टनांपर्यंत केले जातात. बघणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो असा, की हे माणसांनी केलं कसं? आजकाल या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर आधीच येऊन बसलेलं असतं. परग्रहवासी, दगड वितळवणारी यंत्रं, लुप्त झालेली विद्या. गाइडलोकांना आता वर्णनाआधी हे निस्तरावं लागतं.

त्यासाठी त्यांच्या भात्यात दोन बाण आहेत. पहिला एका मराठी कथेचा. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त ती येते. राजाचा आजार बरा व्हावा म्हणून राणीने नवस केला की शिवाचं देऊळ बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. देऊळ पुरं व्हायला वर्षं लागणार, राणी जगायची कशी? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि त्याने काम कळसापासूनच सुरू केलं. थोड्याच दिवसांत राणीला शिखर दिसलं. कथेतलं देऊळ माणिकेश्वराचं, आणि कैलासाचं एक जुनं नाव हेच. कथा कथाच आहे, पण कामाची पद्धत तिने अचूक सांभाळली आहे. कैलास खरोखर वरून खाली खोदला आहे. आधी डोंगरात भोवताली चर मारून मधला ठोकळा सुटा केला, मग शिखरापासून कोरत कारागीर खाली उतरले. त्यामुळे उंच परांच्या लागल्या नाहीत, पण वर झालेली चूक खाली दुरुस्त करायची सोयही राहिली नाही.

दुसरा बाण ताम्रपटाचा. बडोद्याला सापडलेल्या, राष्ट्रकूट वंशातल्या कर्क सुवर्णवर्षाच्या इ.स. ८१२च्या ताम्रपटात कृष्णराजाने एलापुरात बांधवलेल्या मंदिराचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले, आणि ज्याने घडवलं त्या शिल्पकारालाही आपण हे कसं केलं याचं नवल वाटलं, असा त्याचा आशय. हा कृष्णराजा म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातला कृष्ण पहिला. सगळं काम त्याच्याच काळात पुरं झालं की पुढच्या राजांनीही भर घातली, यावर विद्वानांत मतभेद आहेत. शेजारच्या पंधराव्या लेण्यात त्याच्या आधीच्या दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. राजवंश, काळ, गाव सगळं जुळतं. परग्रहवासीयांसाठी जागा शिल्लक राहत नाही.

यापुढे गाइडने बोलणं कमी करावं आणि दाखवणं वाढवावं. मंडपाच्या जोत्यावर डाव्या हाताला महाभारत, उजव्या हाताला रामायण, ओळीओळीने कोरलेलं. त्याच उजव्या अंगाला कैलास हलवणारा रावण. खाली वीस हातांनी जोर लावणारा तो, वर घाबरून शिवाला बिलगलेली पार्वती आणि पायाच्या नुसत्या दाबाने पर्वत स्थिर करणारा शिव. ऊन कललं की रावणाच्या हातांच्या सावल्या मागच्या पोकळीत पडतात आणि कोरीवकामाची खोली लक्षात येते. कुठे कुठे जुन्या गिलाव्याचे आणि रंगाचे तुकडे टिकून आहेत. हे काळं मंदिर एकेकाळी रंगवलेलं होतं, हे त्या हातभर तुकड्यांवरून समजतं.

ज्याला शंकाच असेल, त्याला गाइडने तिसाव्या लेण्यात न्यावं. कैलासाची ही छोटी जैन प्रतिकृती अपुरी राहिली. पुऱ्या झालेल्या मंदिरात कारागीर आपल्या खुणा पुसून टाकतो, अपुऱ्या मंदिरात त्या राहून जातात. काम कुठून सुरू झालं आणि कुठे थांबलं, ते इथे कुणीही स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघू शकतो.

संध्याकाळी मकबरा. ‘दख्खनचा ताज’ म्हणून त्याची ओळख करून दिली जाते आणि लगेच तुलनेत त्याला उणं ठरवलं जातं. जाणकार गाइड आधी दरवाजापाशी थांबवतो. तिथल्या लेखात वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय अशी दोन नावं आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं, त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७मध्ये वारली, तिच्यासाठी ही इमारत उभी राहिली. संगमरवराने भरलेल्या तीनशे गाड्या वाटेत दिसल्याचं टॅव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे. तरीही संगमरवर पुरला तो घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला. बाकी दगडावर गिलावा आहे. त्या गिलाव्यातली फुलं आणि वेली जवळ जाऊन पाहिल्या, की दख्खनच्या कारागिरांचा हात निराळा ओळखू येतो. नक्कल म्हणून हिणवण्याआधी एवढं पाहायलाच हवं.

हे सगळं सांगणारा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात परवान्याशिवाय गाइड म्हणून काम करता येत नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे जुने प्रादेशिक गाइड परीक्षा आणि प्रशिक्षण पार करून आलेले आहेत. अनेकांनी जपानी, जर्मन, फ्रेंच अशा भाषा शिकून घेतल्या. अलीकडे मंत्रालयाने ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला, त्यातून नवी मुलं या व्यवसायात येत आहेत. ती यायलाच हवीत. पण छताच्या फासळ्या दाखवून सुतारकाम समजावणं पडद्यावर शिकता येत नाही, त्यासाठी जुन्या गाइडच्या मागे लेण्यांतून हिंडावं लागतं.

हंगाम मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च. उरलेल्या महिन्यांत कमाई आटते, आणि मग दुकानांच्या कमिशनचा मोह सुरू होतो. हिमरू आणि पैठणीची दुकानं बघायला हरकत नाही, पण वेरूळचा तास कापून दुकानात घालवला जात असेल, तर नुकसान पर्यटकाचंच. यावर उपाय सोपा आहे. मानधन आधी ठरवावं, पुरेसं द्यावं आणि खरेदी हवी की नको हे निघतानाच सांगून टाकावं.

वेरूळला सर्वाधिक संख्येने येतात ती मराठी कुटुंबं, आणि गाइड न घेता लेणी पाहतात तीही बहुतेक तीच. खर्चाची धास्ती हे त्याचं एक कारण. प्रत्यक्षात अधिकृत दर माणशी नसतो. अर्धा दिवस की पूर्ण दिवस आणि गट लहान की मोठा, यावर तो ठरतो. दोघांचं आणि चौघांचं मानधन सारखंच पडतं. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या घृष्णेश्वराला आलेल्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून गाइड घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला हॉटेलातल्या एका जेवणाइतकाच खर्च येईल. गळ्यातलं ओळखपत्र पाहावं, मराठीत सांगणार का ते विचारावं, आणि कैलासाआधी दहावं, कैलासानंतर तिसावं लेणं दाखवायचं कबूल करून घ्यावं. पूर्ण दिवस जमत नसेल, तर देवगिरी पुढच्या खेपेला ठेवावी आणि दुपारचे चार तास फक्त वेरूळला द्यावेत.