दोन क्विंटल हवा

संत्र्याची छाटणी करणाऱ्याच्या कमरेला कात्रीचं घट्ट चामडी कव्हर असतं. कात्रीचा उंचवटा त्यावर जसाच्या तसा उमटलेला दिसतो. चांदूर रेल्वेतल्या आमच्या छोट्या कारखान्यात तो उमटवतो भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर.

जोडणीला आलेल्या फ्रिजवाल्या मिस्त्रीनं आधी विचारलं, "गॅस कुठी भरायचा?" भरायचा नव्हताच. कॉम्प्रेसर ज्या नळीतून गॅस ओढतो, ती नळी आम्हाला फळीच्या मधल्या भोकाला लावायची होती. फळीला सनमायका, त्यात बारीक खाचा, वर सागवानी साचा, साच्यावर ओलं चामडं आणि सगळ्यावर सिलिकॉनचं शीट. आतली हवा निघाली की बाहेरची हवा शीटवर चढून बसते. व्हॅक्यूमचं गेज पाऱ्याच्या २५ इंचांवर गेलं की अर्धा फूट लांब-रुंद जागेवर दोनशे किलोच्या आसपास भार येतो, म्हणजे क्विंटलची दोन पोतीच. हाडाच्या पट्टीनं तासन्‌तास घासून कोपरे बसवणारे आमचे जुने कारागीर काका ते पाहून बराच वेळ शीटवरून बोट फिरवत राहिले.

खरी कटकट पाण्याची. चामड्यातली ओल वाफ होऊन पंपात जाते आणि तेल पांढरट पडतं. "पानी पेलं तं मशीन गेली समजा," मिस्त्री म्हणाला आणि त्यानंच मध्ये पाण्याच्या फिल्टरचं जाड भांडं बसवलं. त्याच्यापुढे कॉक लावला. लाईट गेली तरी कॉक बंद केला की पकड टिकते. आमच्याकडे हे फार मोलाचं.

चामडं मात्र झाडाच्या सालीत कमावलेलंच हवं. क्रोमचं चामडं कितीही दाबा, सुकलं की पुन्हा सपाट. इथून रेल्वेनं जवळच असलेल्या वर्ध्याजवळ, नालवाडीत, गोपाळराव वाळुंजकरांनी १९३० च्या दशकात गांधीजींच्या प्रेरणेनं चर्मालय चालवलं. आपोआप मेलेल्या गुरांची कातडी तिथे कमावली जायची. ती विद्या आपल्या भागात घरोघरी राहायला हवी होती, असं मला फार वाटतं.

एका बागायतदारानं आग्रह धरला, "साचा कायले करता? माहीच कात्री ठेवा न." काकांनी नको म्हटलं, पण तो ऐकेना. सकाळी चामड्यावर पात्यांचा काळाभोर ठसा! सालीतलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा रंग धरतातच. आता खरं हत्यार ठेवायचं तर आधी प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळतो. काकांनी लिंबाच्या रसानं डाग फिका करायला घेतला, तर त्या माणसानं हात धरला. "राहू द्या. पातं कोन्या बाजूनं घालाचं, ते समजते."